दिवेलागणीची मोजणी

देवाजवळ दिवा लागला की आमच्या घरात सासूबाई मोजणी करतात. ओसरीवरच्या चपला बघतात आणि एखादा जोड कमी दिसला की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारतात, "पोट्टं कुठी हाय अजून?" लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात आले तेव्हा मला हे पहाऱ्यासारखं वाटायचं. मी स्वतः कधी चपला मोजायला लागले ते मला आठवत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा टिपेश्वरच्या जंगलाकडच्या एका गावात आहे, रोज स्कूटीने जाणं-येणं. मुलांचे बाबा शेती करतात. सहा एकर, कापूस आणि तूर. थोरली १९ वर्षांची, नागपूरला शिकते. धाकटा नववीत आहे. सासूबाई ७८ च्या आहेत आणि सकाळचा सडा अजून त्याच टाकतात. या घरात आणि या गावात राहून जे शिकले, ते जसं आठवेल तसं लिहिते आहे. यातलं बरंचसं मला उशिरा कळलं.

१. फवारणीचे कपडे उंबरठ्याच्या आत येत नाहीत

ही गोष्ट २०१७ ची. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. हवा दमट, अळीची धास्ती, आणि जो तो फवारत होता. इतक्या उंच, दाट पिकात फवारायचं म्हणजे नळी वर धरावी लागते आणि उडालेलं औषध परत आपल्याच तोंडावर, मानेवर येतं. एका औषधाने अळी मरत नाही म्हणून दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. आम्ही रोज पेपरात वाचत होतो आणि तरी ते आपल्या घरी येईल असं वाटत नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मुलांचे बाबा वावरातून आले आणि ओसरीवरच बसले. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. तो नेहमीसारखा धावत जाऊन मांडीवर बसला. घाम असा की सदरा पिळून काढावा. "डोळ्यापुढं धुकं आल्यासारखं दिसून राह्यलं," ते म्हणाले. मला वाटलं ऊन लागलं. कांदा किसायला मी आत वळले. सासूबाईंनी लेकाच्या सदऱ्याचा वास घेतला आणि मला हाक मारली, "अवं, हे ऊन नोहे."

पुढची पंधरा मिनिटं मला अजून जशीच्या तशी दिसतात. त्यांनी नातवाला उचलून बाजूला केलं, लेकाचे कपडे अंगणातच उतरवले आणि साबण लावून न्हाणीत त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिल्या. मी ऑटो आणला. निघताना त्यांनी औषधाची रिकामी बाटली पिशवीत बांधून माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो तिचाच, कोणतं औषध होतं. टॉर्च मारून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अशा विषावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात, हे तेव्हा कळलं. दोन रात्री दवाखान्यात काढून ते घरी आले. त्या हंगामात सगळीच माणसं आली नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे फवारणीची वेगळी बादली आहे, वेगळी दोरी आहे, आणि गोठ्यामागे कपडे बदलायची जागा आहे. आंघोळ झाल्याशिवाय मुलांना जवळ घ्यायचं नाही. औषधाचा डबा कितीही चांगला दिसला तरी तो फोडून टाकायचा, त्यात पुन्हा काही भरायचं नाही. औषधाच्या डब्यावर चौकोनात एक रंग असतो: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा रंग मी शाळेत फळ्यावर काढते, दरवर्षी जुलैत, चौथीपासून पुढच्या सगळ्या मुलांसाठी. पहिल्याच वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्या घरी लाल रंगाच्या डब्यात गोडेतेल हाय." मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. माझ्या नोकरीत ज्या कामाचं मला समाधान आहे, त्यात ती दहा मिनिटं पहिली येतात.

२. लेकराच्या प्रश्नाला अर्धं उत्तर देऊ नये

टी-वन वाघिणीचे ते दिवस. बाहेरचं जग तिला अवनी म्हणत होतं, आमच्या भागात ती नुसती 'वाघीण' होती. राळेगाव आणि पांढरकवड्याच्या पट्ट्यात दोनेक वर्षांत १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लावले गेले. ते सगळे तिचेच का, यावर पुढे खूप वाद झाला. पण सरपणाला जाणारी बाई आणि गुरं घेऊन निघालेला म्हातारा त्या वादाच्या आधीच घाबरून घरी बसले होते. माझ्या शाळेतली मुलं घोळक्याने यायची, दोन्ही टोकांना काठी घेतलेला एकेक बाप. दिवस लहान झाले तशी सासूबाईंची मोजणी पाच वाजताच सुरू व्हायची, आणि त्यात आता माझ्याही चपला असायच्या.

शोधमोहीम महिनेच्या महिने चालली. कॅमेरे, हत्ती, ड्रोन, वास काढणारे कुत्रे, एवढंच काय, वाघिणीला ओढून आणायला विलायती अत्तरसुद्धा. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीने मेली. दिवाळी पाच दिवसांवर होती. इकडच्या गावांत फटाके फुटले, आणि मोठ्या शहरांत लोक तिच्यासाठी मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. दोन्ही चित्रं टीव्हीवर लागोपाठ दिसली.

थोरली तेव्हा १२ वर्षांची. रात्री अंथरुणावर तिने विचारलं, "आई, तिची पिल्लं आता काय खातील?" मी दिवसभराची थकलेली. म्हणाले, "झोप आता, वनखातं बघते ते." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. आठवडाभर ती माझ्याशी जेमतेम बोलली.

सुट्टीनंतर शाळेत एक मुलगा मला आनंदाने सांगत आला, "बाई, आता माय सरपणाले जाते." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. आणि माझ्या घरातल्या मुलीचं दुःखही खरं होतं. त्या रविवारी मी थोरलीला जवळ घेऊन सगळं सांगितलं. गावांत कोण गेलं, त्यांच्या मागे घरात कोण राहिलं, आणि त्या वाघिणीचे दोन बछडे होते, दहाएक महिन्यांचे, हेही. तिला रडायचं होतं तेवढं रडू दिलं. डिसेंबरात त्यातला मादी बछडा पकडून पेंचला नेल्याची बातमी आली, ती तिनेच मला वाचून दाखवली. त्या आठवड्यातल्या तिच्या गप्प बसण्यापेक्षा मला तिचं रडणं सोपं गेलं. "मोठी झाल्यावर कळेल" हे वाक्य मी त्यानंतर घरात वापरलं नाही, शाळेतही नाही.

३. पत्ता दोन्ही नावांनी तोंडपाठ करून घ्यावा

गाव पांढरकवडा, तालुका केळापूर. परगावच्या माणसाला वाटतं ही दोन वेगळी ठिकाणं. खरं म्हणजे केळापूर जवळच आहे, जगदंबेचं देऊळ तिथलं, नवरात्रात पहाटे आम्ही चालत जातो. पण तालुक्याला नाव त्याचं आणि कचेऱ्या पांढरकवड्यात. ऑनलाइन अर्जात यादी उघडली की पांढरकवडा सापडत नाही आणि घाईत लेकरू भलताच तालुका निवडतं. थोरलीच्या एका दाखल्यावर असंच झालं, आणि प्रवेशाच्या ऐन दिवसांत तीन खेपा पडल्या. धाकट्याकडून मी पाचवीतच दोन्ही नावं घोकून घेतली.

४. कापसाच्या भावाची वाट किती दिवस बघायची, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं

२०२१-२२ ला कापसाच्या भावाने क्विंटलला दहा हजार ओलांडले. पांढरकवड्यासारख्या गावात अशी बातमी सोनाराच्या दुकानात, कपड्याच्या दुकानात, शाळेच्या फीमध्ये दिसते. आम्ही मात्र त्या वर्षी आधीच विकून मोकळे झालो होतो. म्हणून पुढच्या हंगामात मुलांच्या बाबांनी ठरवलं, या वेळी थांबायचं. आमच्याच नव्हे, गल्लीतल्या प्रत्येक घरात हाच निर्णय झाला होता.

कापूस ठेवायचा कुठे? मधल्या खोलीत. छपरापर्यंत ढीग. पहिले आठ दिवस धाकट्याने त्यात उड्या मारल्या, घर पांढरंशुभ्र दिसत होतं, सासूबाई येता-जाता ढिगाला हात लावून नमस्कार करायच्या. वेचणीच्या आधी त्या वावरात सीतादही करतात, दही शिंपडून, हात जोडून. त्यांच्यासाठी ती लक्ष्मीच घरात येऊन बसली होती. मग खाज सुरू झाली. साठवलेल्या कापसातून बारीक किडे निघतात, अंगावर पुरळ येतं. धाकटा रात्री खाजवून खाजवून रडायचा. थोरलीची अकरावी होती, तिची अभ्यासाची जागा त्या ढिगाखाली गेली होती आणि ती स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून पाठांतर करत होती. विडी-काडीची, दिव्याच्या ठिणगीची भीती वेगळीच. होळीपर्यंत भाव सात-आठ हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला.

मला राग भावाचा आला नव्हता. बाजार आमच्या हातात नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. राग याचा आला की थांबायचं कोणी ठरवलं आणि त्याची खाज कोणाला सोसावी लागली, यावर घरात एकदाही बोलणं झालं नव्हतं. एका रात्री मी ते बोलले, सगळ्यांसमोर, मुलांसमोरसुद्धा. मुलांचे बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटत होतं, यंदा तुझ्या पगाराला हात न लावता पोरीची फी भरावी." हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर मी आणखी महिनाभर आनंदाने खाज सोसली असती.

आता दसऱ्याला आम्ही सगळे बसतो. किती कापूस लगेच विकायचा, किती ठेवायचा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणत्या खोलीत. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली जाते. ती आली की भाव असेल तो असेल, गाडी भरायची. दोनदा आम्ही चुकलो, एकदा बरोबर निघालो. खोली मात्र दरवर्षी वेळेवर रिकामी झाली.

५. आजीची भाषा दुरुस्त करू नये

धाकटा दुसरीत असताना एकदा शाळेतून येऊन आजीला म्हणाला, "मले नाही, मला म्हणायचं. काहून नाही, का म्हणायचं." आजी हसल्या आणि त्यानंतर दोन दिवस त्याच्याशी कमी बोलल्या. रात्रीची गोष्टही त्यांनी सांगितली नाही. "माह्यं बोलनं पोट्ट्याले चुकीचं वाटते," एवढंच मला म्हणाल्या.

मला फार लागलं, कारण तो हे माझ्याकडून शिकला होता. मी वर्गात तेच करत होते. शाळेत काही लेकरं कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, येतात. त्यांच्या घरात कोलामी बोलतात, ती मराठीच्या कुळातली नाही, द्राविडी आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष दुर्बल आदिम म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांसोबत कोलाम आहेत. पहिलीतलं पोडावरचं लेकरू सहा-सहा महिने तोंड उघडत नाही आणि आपण वहीत 'मंद' असा शेरा मारतो. मीही मारला आहे. ते लेकरू घरी तीन भाषांत भांडत असतं, हे मला पोडावर गेल्यावर दिसलं.

घरी आणि शाळेत दोन्हीकडे मी एकाच महिन्यात बदल केला. शाळेत पोडावरच्या एका आजीबाईंना दर शनिवारी गोष्ट सांगायला बोलावलं. मीही त्या वेळी विद्यार्थ्यांबरोबर खाली बसते आणि शब्द विचारते. घरी धाकट्याला एक वही दिली, आजीचे शब्द लिहायला. वावर, बंडी, सांभार, पऱ्हाटी, डोस्कं, इकडचं-तिकडचं सगळं. वही भरली, दुसरी सुरू आहे. भुलाबाईच्या महिन्यात गल्लीतल्या मुली गाणी म्हणायला जमल्या की अडलेला शब्द विचारायला आता त्याच्याकडे येतात, आणि तो आजीकडे धावतो. पेपरात तो 'मला'च लिहितो. जेवताना "मले अजून वाढ" म्हणतो. दोन्ही त्याच्याच आहेत.

६. नवतप्यात दुपारी काही ठरवू नये

पारा ४५ च्या वर, कूलरची टाकी कोरडी, वीज गेलेली. अशा वेळी आमच्या घरात झालेलं एकही भांडण खऱ्या कारणावरून झालेलं नाही. आता दुपारी बारा ते पाच पैशाचा, परीक्षेचा आणि पाहुण्यांचा विषय बंद. पन्हं प्यायचं, पडून राहायचं. गच्चीवरच्या कुरडया संध्याकाळी उचलताना बोललं की तोच विषय दहा मिनिटांत सुटतो.

७. काय हवं ते आधी विचारावं

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्ग आमच्या गावाला लागून जातो. लहानपणापासून मुलं त्याच्यावरचे ट्रक मोजत मोठी झाली. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये त्याच रस्त्याने माणसं चालत होती, हैदराबादकडून, डोक्यावर बोचकं आणि कडेवर लेकरू. कुणाला मध्य प्रदेशात जायचं होतं, कुणाला उत्तर प्रदेशात, कुणाला त्याहून पुढे. गावातल्या कितीतरी घरांनी त्या दिवसांत स्वयंपाक करून रस्त्यावर नेला. आम्हीही पोळ्या आणि बेसन न्यायचो. मी लाटायची, थोरली भाजायची, धाकटा कागदात बांधायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका बाईने पुडकं घेतलं नाही. पिंपळाखाली बसली होती, पदरात दीड-दोन वर्षांचं मूल. मी आग्रह करत राहिले. ती म्हणाली, जेवण मागे पाटणबोरीलाही मिळालं. मग तिने पाय पुढे केला. चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला, आणि टाचेला फोड. त्या डांबरावर, त्या उन्हात. मी तिच्यासमोर पोळ्यांचा डबा धरून उभी होते.

थोरली काही न बोलता घरी गेली आणि ओसरीवरच्या सगळ्या चपला पिशवीत भरून घेऊन आली. माझ्या, तिच्या बाबांच्या, आजीच्या सणावाराच्या ठेवणीतल्यासुद्धा. ती बाई आजीच्या चपला घालून गेली. त्यानंतर आम्ही गल्लीत फिरून जुन्या चपला गोळा केल्या आणि डब्यासोबत त्या नेऊ लागलो, शिवाय बाळासाठी पाण्याची बादली आणि आडोशाला एक चादर. चादरीच्या आड बायका लेकरांना अंगावर पाजत, कपडे बदलत. हे मला सुचायला चार दिवस लागले आणि मी दोन लेकरांची आई होते.

आजीच्या चपला गेल्या त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर सासूबाईंनी ओसरीकडे पाहिलं. तिथे एकही चप्पल नव्हती. सगळे घरात होते. त्या म्हणाल्या, "पोचू दे बाप्पा तिले."

८. मुलीला मोठ्या मंडपात न्यावं, मागे बसायला का होईना

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल येणार होत्या, त्यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर राज्यभर वादळ उठलं. अखेर ११ तारखेला उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी, याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर लेकरांना घेऊन उभ्या राहिलेल्या बाईने. निमंत्रण मागे घेणं मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण त्या व्यासपीठावर ती बाई बोलायला उभी राहिली तेव्हा मी थोरलीचा हात घट्ट धरला होता. आम्ही खूप मागे होतो, चेहरा नीट दिसत नव्हता, आवाज स्पष्ट येत होता.

महिन्याभराने, १६ फेब्रुवारीला, पांढरकवड्यातच पंतप्रधानांची सभा झाली, बचत गटाच्या महिलांची. गावोगावच्या बायका गाड्या भरून आल्या. आमच्या गल्लीतल्या गटाच्या बायका पहाटे चारला उठून भाकरी करून निघाल्या. सभेत काय ऐकलं याच्यापेक्षा त्या मला दुसरंच सांगत राहिल्या, की इतक्या बायका एका जागी आजवर पाहिल्या नव्हत्या. एकीने पहिल्यांदाच घरी निरोप ठेवला होता, "संध्याकाळचं तुम्ही बघा." आणि घरच्यांनी बघितलं. थोरली तेव्हा माझ्यासोबत होती. गर्दीत तहान लागून ती कुरकुरत होती, पण रात्री वहीत तिने त्या दिवसाबद्दल दोन पानं लिहिली. मी ती वाचायला मागितली नाही.

९. निघालेल्या लेकराच्या गळ्यात पट्टा बांधू नये

धाकटा तिसरीत असताना टिपेश्वरच्या एका तरुण वाघाची बातमी आली. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. २०१९ च्या उन्हाळ्याअखेर तो जंगल सोडून निघाला, आमच्या भागातून आणि तेलंगणातून वावरं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर १३०० किलोमीटर चालला होता. त्याला लोकांनी वॉकर नाव दिलं. धाकट्याने भिंतीवर नकाशा लावून त्याची वाट लाल पेन्सिलने काढली. तो रोज विचारायचा, "आज तो कुठे असेल?" आणि सासूबाई म्हणायच्या, "त्याची माय काय म्हनत असन!"

२०२४ ला थोरली नागपूरला गेली. दीडशे किलोमीटर. पहिला महिनाभर मी दिवेलागणीला फोन करायची. कुठे आहेस, खोलीवर आलीस का, कोण सोबत आहे, जेवलीस का. ती उत्तरं द्यायची, दिवसेंदिवस तुटक. एकदा म्हणाली, "आई, तुला त्या वाघासारखी माझ्या गळ्यात कॉलर घालायची आहे का?" मी फोन ठेवला आणि त्या रात्री जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं. सकाळी त्याच म्हणाल्या, "मी तुह्या चपला मोजत होती, तवा तुले बरं वाटे काय?" बावीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी खरं ते सांगितलं.

सासूबाईंचं माहेर वणीकडचं. लग्नानंतर वर्षाकाठी एकदा, तेही कोणी नेलं तर. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून त्या एकट्या जातात, वर्षातून चारदा. माहेरात आता भाऊ नाही, भाचा आहे. त्या अंगणात बसून येतात. पहिल्यांदा एकट्या निघाल्या तेव्हा मी मोबाईल दिला होता, तो त्यांनी पिशवीच्या तळाशी ठेवला आणि दिवसभर उचलला नाही. संध्याकाळी मी ओसरीवर उभी होते. त्या ऑटोतून उतरल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहून, मोजून राह्यली काय?"

थोरलीशी मी करार केला. नागपुरात असताना संध्याकाळी फोन माझा जाणार नाही. तिला वाटलं तर तिचा येईल. हे सांभाळणं मला अजून अवघड जातं. सात वाजले की हात फोनकडे जातो, मग मी कणिक मळायला घेते. अट एकच ठेवली: घरी यायला निघाली की रस्त्यातली गावं कळवायची. फक्त नाव, बाकी काही नाही. जाम आलं की मी डाळ लावते. हिंगणघाट आलं की तिच्या आवडीची पातोडी करायला घेते. वडनेरला रस्सा उकळतो, वडकीला ज्वारीचं पीठ ताटात काढते. धाकट्याने जुन्या नकाशावर वाघाच्या लाल रेषेशेजारी निळ्या पेन्सिलने ही रेष काढली आहे. टीचभर आहे ती.

मागच्या दिवाळीला ती निघाली तेव्हा वीज गेली होती. सासूबाईंनी पणती लावली, ओसरीवर जाऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"पोट्टी कुठी आली?"

मी फोन बघितला. "करंजी."

"मंग तवा ठेव."